लिव्हरला बांधलेली नाडाछडी

मामाजी, तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी समोरासमोर जी वाक्यं बोलले ती दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं होऊन गेल्यावर मी वही घेऊन बसले आहे. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं असेल तर सासूला, म्हणजे आत्याबाईंना, सांगायचं आणि सासूनं ते पुढे न्यायचं, ही आपल्या घरची रीत. ती तुम्हीही पाळली आणि मीही. आज पदर कमरेला खोचलेला आहे, नखांत काळं आहे, तुमच्या लोखंडी खुर्चीवर मी बसले आहे आणि जानेफळच्या फाट्यावर दुपारची सामसूम आहे. तुमचा मुलगा शेतात वांगी तोडायला गेला आहे, आत्याबाई आत पंख्याखाली पडल्या आहेत. गॅरेज चालू आहे. पाटीवर अजून तुमचंच नाव आहे. लोक मात्र आपसूकच 'बाईचं गॅरेज' म्हणायला लागलेत. तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. ते सांगितलं असतं तर तुमची शेवटची चार वर्षं वेगळी गेली असती, म्हणून 'राहून गेलं' म्हणणं हीसुद्धा खरं तर लबाडीच आहे.

कालच्या गोष्टीवरून हे सगळं वर आलं. दसरा होऊन चार दिवस झालेत. आपल्या गावाला नवे पोस्टमन आलेत, ते मोटारसायकल ढकलत, घामाघूम होऊन गॅरेजसमोर उभे राहिले. "बाई, तीन जागी दाखवली. एकानं खालचं कॅलिपर खोलून साफ केलं, दुसऱ्यानं पाइप बदलला, तिसरा म्हने डिस्कच वाकडी हाये. सकाळी निंघतो तं मस्त चालते. दोन गावं झाले का पुढचं चाक धरते. झाडाखाली अर्धा घंटा थांबलो का आपोआप सोडते." ते आणखी बरंच सांगत होते, पण मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी त्यांच्या उजव्या हँडलकडे पाहत होते. ब्रेकच्या लिव्हरच्या मुळाशी लाल-पिवळी नाडाछडी गच्च गुंडाळलेली होती. मी त्यांना किल्ली फिरवायला सांगितली आणि मागे जाऊन पाहिलं. लिव्हरला कोणाचा हात नाही, पायाचा ब्रेक दाबलेला नाही, तरी मागचा लाल दिवा जळत होता.

मी गाठ सैल करायला पेचकस घेतला तसे ते घाबरले. "अवं बाई, पूजेचा दोरा हाये तो. तोडू नका." मी म्हटलं, तोडत नाही, जागा बदलते. गाठ सोडवली, वेढे उलगडले आणि तीच नाडाछडी आरशाच्या दांडीला बांधून दिली. लिव्हर अगदी जराशी मागे आली, नखाएवढी, आणि मागचा दिवा विझला. त्यांना म्हटलं, मेहकरला जाऊन या आणि मग बोला. संध्याकाळी ते परत आले. खाली बसून डिस्कजवळ हाताची मागची बाजू नेली, थंडगार. त्यांनी मला नमस्कारच केला. "कोनं शिकवलं हो बाई तुमाले हे?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सासऱ्यांनी." ते गेले आणि मी तिथेच बसून राहिले. कारण हे तुम्ही मला शिकवलेलं नाही, मामाजी. ब्रेकचं मला जे काही येतं त्यात एवढी एकच गोष्ट अशी आहे, जी मला ठाऊक आहे आणि तुम्हाला कधी कळली नाही.

बाकी सगळं तुमचंच. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडायची. अजून उघडते. मी बारावी सायन्स करून आलेली, भाकरी थापता थापता माझा कान बाहेर. कोणती गाडी साखळी ओढते आहे, कोणाचा सायलेन्सर फुटला आहे, हे मला गाडी न बघता कळायला लागलं होतं, आणि ते कळतं आहे हे कोणाला सांगायची सोय नव्हती. एक दिवस तुम्ही कोणाची तरी गाडी दुरुस्त करून उभी केलीत आणि पुढचं चाक उचलून हातानं फिरवलंत. मला ते आतून ऐकू आलं. किसणीवरून गाजर एकदाच ओढावं तसं, खिस्स, मग शांत, मग पुन्हा खिस्स. मी आत्याबाईंना म्हटलं, "गाडी देऊन राह्यले मामाजी, पन चाक घासून राह्यलं तिचं." आत्याबाईंनी ते मोठ्यानं बाहेर सांगितलं. मग चाक पुन्हा फिरलं. मग तुमचा आवाज आला, "तिले इचारा, एका फेऱ्यात किती बार घासते?"

मी म्हटलं, एकदाच. तुम्ही म्हणालात, "मंग डिस्क वाकडी हाये. सारखं घासलं असतं तं ब्रेकनं धरलं म्हनावं लागलं असतं." आत्याबाई दारात उभ्या, एका हाताला पीठ, तुमचं बोलणं आत आणि माझं बोलणं बाहेर नेता नेता त्यांच्या तव्यावरची भाकरी जळाली. त्या कडाडल्या, "मी काय टपाल हावो काय तुमचं दोघायचं? जाय वं, तूच जाऊन पाह्य!" तर असं माझं गॅरेजमध्ये येणं झालं. जळलेल्या भाकरीनं माझी बदली झाली असं तुमचा मुलगा अजून म्हणतो.

त्यानंतरही तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तुम्ही गाड्यांशी बोलायचात. मी पदर घेऊन दोन हात लांब उभी, आणि तुम्ही चाकासमोर उकिडवे बसून चाकाला विचारताय: "काऊन बे? लिव्हर सोडली तरी काऊन धरून राह्यला? वरून कोन दाबून ठेवलं तुले, का तूच अडून बसला?" लांबून पाहणाऱ्याला वाटावं म्हातारा भ्रमला. पण ब्रेकची अख्खी विद्या त्या एका प्रश्नात होती. मग तुम्ही चाकालाच समजावून सांगायचात की आता मी तुझी ही खालची छोटी घुंडी आठ नंबरच्या रिंग पान्यानं जराशी सैल करतो. पाइपातलं ब्रेकचं तेल फस्सकन उडालं आणि तू मोकळा झालास, तर तुझा दोष नाही, वरून दाब अडकला आहे. तेल नुसतं ठिबकलं आणि तू धरलेलाच राहिलास, तर तुझाच पिस्टन गंजला आहे. आणि दाब वरून असेल तर मग वरच्या टोकाला, मास्टर सिलिंडरपाशी, पाइपचा बोल्ट सैल करून पाहायचा. तिथे सोडलं की चाक सुटलं तर दोष वरच्या घरात. तिथे सोडूनही सुटलं नाही आणि खाली सोडल्यावर सुटलं, तर पाइप आतून सुजला आहे. मी आज हे रोज करते. तोंडानं पुटपुटते तेसुद्धा तुमचंच, 'बे' सकट. गिऱ्हाइकं हसतात.

पण ब्रेक तुम्ही माझ्या हाती दिला नव्हता. पंक्चर, साखळी, ऑइल, प्लग, हे सगळं माझ्याकडे आलं. ब्रेकची गाडी आली की तुम्ही खुर्चीवरून उठायचात आणि मी मागे सरायचं. "इंजन बंद पडलं तं मानूस पायी घरी जाते. ब्रेकचं तसं नाही," हे तुम्ही एका स्कूटरला सांगितलं होतं. मी एकदा न विचारता एका गाडीची डिस्क पुसली, आणि पुसली ती साखळीला ऑइल लावायच्या फडक्यानं, म्हणजे ब्रेक लागूच नये अशी तेलकट केली. तुम्ही ते पाहिलंत. ओरडला नाहीत. डिस्क काढलीत, पॅड काढले, सगळं माझ्यादेखत नव्यानं धुतलंत, आणि ते फडकं चुलीत नेऊन टाकलंत. त्यानंतर चार दिवस तुम्ही गाड्यांशीसुद्धा बोलला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या आठ नंबरच्या पान्याची हावही सुटली होती. तीन तालुक्यांतून लोक तुमच्याकडे ब्रेकसाठी यायचे. बीबी गावाहून एक जण यायचा, वाटेत पाच गॅरेज सोडून. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भरवसा मी पदराआडून पाहायची आणि मला वाटायचं, कोणीतरी आपल्याकडेही असं पाहावं.

आता दसऱ्याचं सांगते. त्या वर्षी आपल्या गॅरेजमध्ये शेजारच्या गावच्या गुरुजींची गाडी होती. तिचा पुढचा ब्रेक धरत होता आणि तुम्ही आदल्या दिवशी डिस्कला धरणारं कॅलिपर खोलून पिस्टन पॉलिश पेपरनं घासून, नवं सील घालून बसवला होता. चाक फिरवून तुम्ही मला ऐकवलंत, म्हणजे चाकाला म्हणालात, "आता कसा गपचूप फिरून राह्यला." दसऱ्याला सकाळी मी सगळे पाने धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, गाड्यांना झेंडूचे हार घातले. आत्याबाईंचा गुडघा दुखत होता म्हणून नाडाछडी बांधायचं काम माझ्याकडे आलं. दर वर्षी आत्याबाई दोन सैल वेढे द्यायच्या आणि चार दिवसांत ते गळून पडायचे. मला ते आळशीपणाचं वाटायचं. मी सात वेढे दिले. नीट, एकाला एक चिकटून, लिव्हरच्या मुळाशी, जिथे ती आपल्या घराला टेकते, कारण तिथे दोरा सरकत नाही. दातांनी ओढून गाठ मारली. माझी पूजा देखणी झाली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती गाडी गुरुजींना नेऊन द्यायला निघालात. अंगणात एक चक्कर मारलीत, ब्रेक दाबून पाहिलात, चांगला लागला, चांगला सुटला. थंड गाडीचा सुटणारच होता. हार काढून ठेवलात, पण नाडाछडीला हात लावला नाहीत. पूजेचा दोरा आपण तोडत नाही, तो आपला आपण जातो. तो तुमच्या डोळ्यांसमोर होता आणि तरी तुम्हाला दिसला नसेल, कारण त्या दिवशी फाट्यावरच्या प्रत्येक गाडीला तो होता. मी स्वयंपाकघरात पातळ भाजी फोडणीला टाकत होते. तुम्ही गेलात त्याचा आवाज ऐकला. चाक घासत नव्हतं.

फरशी पुलाच्या अलीकडच्या वळणावर पुढचं चाक जागीच थांबलं. गाडी सावकाश होती म्हणून तुम्ही वाचलात. उजवं मनगट मोडलं, कपाळाला खरचटलं. तुम्हाला कोणाच्या तरी जीपमधून मेहकरला नेलं, तुमचा मुलगा सोबत गेला, आणि गाडी दूधवाल्यानं आपल्या टेम्पोत घालून गॅरेजमध्ये आणून उतरवली. तो म्हणाला, "वहिनी, चाक फिरूनच नाही राह्यलं, उचलूनच घ्यावं लागलं." तो गेला. किल्ली गाडीलाच होती आणि चालू होती. मी ती बंद करायला गेले तर मागचा लाल दिवा जळताना दिसला. लिव्हरला कोणाचा हात नव्हता.

बारावी सायन्सची होते, मामाजी. मला तिथेच उभ्या उभ्या सगळं कळलं. तुम्ही चाकाला सांगितलेलं मी ऐकलं होतं की लिव्हर सोडली की वरच्या घरातलं एक बारीक भोक उघडतं आणि तेल परत वर येतं. माझ्या सात वेढ्यांनी लिव्हरला पूर्ण मागे येऊ दिलं नव्हतं. भोक बंद राहिलं. चाक तापलं, तेल तापलं, फुगलं, त्याला परतायला वाट नव्हती, त्यानं आणखी दाबलं, आणखी तापलं. मी विळ्यानं नाडाछडी कापली. लिव्हर मागे आली तेव्हा टक्क असा आवाज झाला. दिवा विझला. मी पुढचं चाक उचलून फिरवलं. ते गपचूप फिरलं, तुम्ही म्हणाला होतात तसं.

तुम्ही संध्याकाळी परत आलात, हात प्लास्टरमध्ये. चहा घेतला नाहीत, आधी गाडीपाशी गेलात. डाव्या हातानं चाक फिरवलंत. ते फिरलं. पुन्हा फिरवलंत. मी दारात उभी होते. तुम्ही वळलात आणि माझ्याकडे पाहिलंत, सरळ माझ्याकडे. आत्याबाईंना नाही विचारलंत, चाकाला नाही विचारलंत. सात वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला विचारलंत: "बाई, तुले काही दिसलं काय या गाडीत?"

मी म्हटलं, "नाही, मामाजी."

नाडाछडीचे तुकडे तेव्हा माझ्या कमरेला खोचलेले होते. तुम्ही मान हलवलीत. "म्हनजे थंड झाल्यावर सुटलं. म्हनजे पिस्टनच. म्हनजे मीच नीट नाही घासला," असं तुम्ही तीन 'म्हणजे' लावून हिशेब पुरा केलात, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. मी भ्याले होते. पूजेतली चूक, सुनेच्या हातची, सासऱ्याचा हात मोडला. आत्याबाई काय म्हणतील, गाव काय म्हणेल, याची मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी फाट्यावर चहाच्या टपरीवर ते वाक्य तयार झालंच होतं: मिस्त्री आपल्याच ब्रेकनं पडला. कोणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं, पण ऐकणारा हसायचा. मी दूध आणायला गेले की ते ऐकू यायचं आणि मी पदर पुढे ओढून घ्यायची.

तुमचा हात बांधलेला होता त्या दीड महिन्यात गाड्या थांबल्या नाहीत. तुम्ही खुर्चीवर बसून गाड्यांना सांगायचात आणि मी करायची, ब्रेकसुद्धा. आधी गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाहून बोलायची. मग हळूहळू माझ्याकडे पाहायला लागली. बीबीचा तो माणूस आला, त्याच्या गाडीचा पाइप आतून सुजलेला मी वर-खाली बोल्ट सोडून शोधून काढला, आणि जाताना तो तुम्हाला म्हणाला, "मिस्त्री, बाईचा हात तुमच्यावानी हाये." तुम्ही हसलात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. तो आनंद लिहितानाही मला आठवतो आहे आणि त्याची लाजही वाटते आहे, दोन्ही एकदम.

प्लास्टर निघाल्यानंतरची एक दुपार आहे, ती मी कोणालाच सांगितलेली नाही. मी आत भांडी घासत होते. तुम्हाला वाटलं मी मागच्या अंगणात आहे. गॅरेजमध्ये एक गाडी ब्रेकसाठी उभी होती. तुम्ही उठलात, चाक उचललंत, फिरवलंत आणि कान जवळ नेलात. मी खिडकीतून पाहते आहे. तुम्ही पुन्हा फिरवता, पुन्हा कान नेता. आठ नंबरचा रिंग पाना उचलता, खालच्या घुंडीवर चढवता. मनगट बरं झालेलं आहे, बोटं नीट वळत आहेत. आणि तुम्ही तसेच थांबता. मग पाना काढून घेता आणि चाकाला म्हणता, "नाही बा. माह्या कानाचा भरवसा नाही राह्यला आता. कोनाचं लेकरू पडलं म्हनजे?"

त्या क्षणी माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. तुमचा कान बरोबर होता मामाजी, पिस्टनही बरोबर घासला होता, दोरा माझा होता. एवढंच. खिडकी उघडीच होती, मोठ्यानंही बोलायची गरज नव्हती. मी ओला हात पुसला आणि बाहेर आले. तुम्ही मला पाहिलंत आणि पाना पुढे केलात. सासऱ्यानं सुनेच्या हातात वस्तू द्यायची नाही, खाली ठेवायची, तिनं उचलायची, ही रीत. तुम्ही तो पाना माझ्या हातात दिलात. "ठेव तुह्याजवळ. आता ब्रेक तूच पाह्य," म्हणालात. मी दोन्ही हातांनी घेतला, वाकून नमस्कार केला, आणि जे बोलायला बाहेर आले होते ते बोलले नाही.

त्यानंतर चार वर्षं तुम्ही खुर्चीवर होतात. नवीन गिऱ्हाईक आलं की तुम्ही स्वतःच सांगायचात, "मी आपल्याच ब्रेकनं पडलेला मानूस. बाईले दाखवा." चेष्टेनं सांगायचात, लोक हसायचे, तुम्हीही हसायचात. पण पडून आल्या दिवसापासून तुम्ही पुन्हा कधी गाडीवर बसला नाहीत. बहिणीकडे जायचं तर बसनं, शेतात जायचं तर पायी. दसऱ्याला मी प्रत्येक नाडाछडी आरशाच्या दांडीला बांधायची. पहिल्या वर्षी तुम्ही ते पाहिलंत आणि आत्याबाईंना विचारलंत, "ते काऊन तिकडं बांधून राह्यली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिथं शोभून दिसते. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. ज्याला एका चाकाच्या आवाजावरून पाच दोष वेगळे काढता यायचे, त्याला त्या उत्तराचा आवाज ऐकू आला नसेल का, हे मला अजून कळत नाही. मला वाटतं, ऐकू आला नाही. तुमचा कानावरचा भरवसा तेव्हा गेलेलाच होता, आणि तो मीच घालवला होता.

मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात तुम्ही खाटेवरून विचारायचात, "आज ब्रेकच्या किती आल्या?" मी दारातून सांगायची, दोन, तीन. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, समाधानानं. माझ्याकडे तेव्हाही वेळ होता.

एवढं लिहून झालं तोवर ऊन कलंडलं. रस्त्याच्या पलीकडे एक जण गाडी ढकलत येतो आहे, पुढचं चाक अडखळतं आहे हे मला इथून दिसतं. हे कागद मी घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवणार आहे. जुने सील आणि घुंडीच्या टोप्या ठेवतो त्या डब्यात नाडाछडीचे ते तुकडेही आहेत, विटून आता पांढुरके झालेत. पोस्टमन ओळखीचे झालेत, पण त्यांना तरी कुठला पत्ता देऊ?

एक खोडायला हवं होतं, ते खोडत नाही, खाली लिहिते. वर मी लिहिलं की मी भ्याले होते. ते त्या एका संध्याकाळपुरतं खरं आहे. रीत होती, गाव होतं, आत्याबाई होत्या, हे सगळं वरून दाबणारं मी चार वर्षं स्वतःला सांगत राहिले. पण त्या दुपारी खिडकीशी मला कोणीच दाबून धरलेलं नव्हतं. तुमचा हात बरा झाला होता, आणि मी खरं बोलले असते तर तुम्ही पाना परत घेतला असता, आणि मी पुन्हा पंक्चर काढायला बसले असते. मी भीतीनं गप्प राहिले नाही, मामाजी. मला ब्रेक हवे होते.